टीडीआरचा भाव विचारण्याआधी

फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला : “आज टीडीआर काय भावाने चाललाय?” आम्ही उलट विचारतो, “प्लॉट कोणत्या सर्व्हे नंबरमध्ये, समोरचा रस्ता किती मीटरचा?” मग काही जण वैतागतात. भाव सांगायचा सोडून चौकशा कसल्या करता, असा सूर लागतो. त्या चौकशा कशासाठी, हे एकदा लिहूनच द्यावे म्हणून हे पत्रक.

टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, काय असतो, हे आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. विकास आराखड्यात रस्ता, बाग, शाळा अशा आरक्षणाखाली आलेली जमीन मालक महापालिकेला देतो आणि पैशांऐवजी बांधकामाचा हक्क घेतो, जो दुसऱ्या प्लॉटसाठी विकता येतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ मध्ये ही सोय आहे. मुंबई सोडून राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२० ची एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. तिच्यानुसार दाट वस्तीच्या भागात दिलेल्या जमिनीच्या तिप्पट आणि इतरत्र दुप्पट हक्क मिळतो. त्याचे विकास हक्क प्रमाणपत्र, म्हणजे डीआरसी, तुम्ही विकत घेता. इथवर कुणाचे काही चुकत नाही.

चुकते ते पुढे. डीआरसीवर ५०० चौरस मीटर लिहिले आहे म्हणजे आपल्या प्लॉटवर ५०० चौरस मीटर चढले, असे गृहीत धरले जाते. तसे होत नाही. ज्या जमिनीतून टीडीआर निघाला तिचा रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी तक्त्यातला दर भागिले तुमच्या प्लॉटचा तसाच दर, आणि आलेल्या प्रमाणाने डीआरसीवरचे क्षेत्र गुणायचे. समजा, तिकडचा दर १२,००० रुपये आणि तुमचा ३०,००० रुपये आहे. मग ५०० मधून तुमच्या पदरात पडतात २०० चौरस मीटर. पुरते ५०० हवे असतील तर १,२५० चौरस मीटरचा टीडीआर घ्यावा लागेल. म्हणून “स्वस्तात मिळाला” हे वाक्य ऐकले की आम्ही आधी तो कुठला, ते विचारतो.

यातही एक मेख आहे. दोन्ही दर टीडीआर निर्माण झाला त्या वर्षाचे धरायचे असतात, आजचे नव्हेत. मूळ जमिनीचा त्या वर्षाचा दर डीआरसीवरच सापडतो. तुमच्या प्लॉटचा दर मात्र त्याच वर्षाच्या जुन्या तक्त्यातून, नेमका विभाग शोधून काढावा लागतो. वरच्याच उदाहरणात आजचे दर १५,००० आणि ४५,००० असतील आणि कुणी तेच धरले, तर २०० ऐवजी १६६ च्या आसपास उत्तर येईल. आमच्याकडे एक गृहस्थ पाचव्या मजल्याचा नकाशा काढून, विक्रेत्याला अर्धी रक्कम देऊन आले होते. त्यांनी असाच मोबाईलवर हिशेब केला होता. त्यात चौरस फूट आणि चौरस मीटरचीही गल्लत. टेबलावर तक्ता उघडून पुन्हा गुणाकार केला, तर दोन बेडरूम कमी पडत होत्या. नकाशा बदलून परवानगी मिळेपर्यंत चार महिने गेले.

हा खटाटोप सरकारने उगाच लावलेला नाही. मुंबईत १९९१ च्या नियमावलीत टीडीआर साधारण दक्षिणेकडून उत्तरेकडेच नेता येई, म्हणजे स्वस्त जागेतला हक्क महागड्या जागेत जाऊन बसू नये. पुढे तिथेही दराच्या प्रमाणाची पद्धत आली. आमच्या मते ही पद्धत जास्त न्याय्य आहे, फक्त आकडेमोड जास्त.

दुसरी मर्यादा रस्त्याची. दाट वस्तीबाहेर ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर चढत नाही. ९ ते १२ मीटरच्या आतल्या रस्त्यावर प्लॉटच्या ०.४० पट, तर ३० मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर १.४० पटीपर्यंत. जागेवर फीत लावून मोजलेली रुंदी आणि आराखड्यातली रुंदी एकच असेल असे समजू नका.

मूळ प्रमाणपत्राची मागची बाजूही पाहायला हवी. किती वापरले, किती शिल्लक, याच्या नोंदी त्यावर असतात. झेरॉक्स आधीची असेल तर नंतरचा वापर तिच्यात दिसणार कसा? शिवाय करारनामा झाला म्हणजे डीआरसी तुमची झाली असे नाही. आयुक्तांकडून प्रमाणपत्रावर तुमच्या नावाची नोंद होईपर्यंत ते हस्तांतरण वैध धरत नाहीत आणि वापरण्याचा हक्क जुन्या धारकाकडेच राहतो.

म्हणूनच फोनवर भाव न सांगता आम्ही दोन दिवस मागतो. त्या वेळात जुना दर, रस्त्याची रुंदी आणि डीआरसीवरची शिल्लक तपासून एका पानावर हिशेब लिहून देतो. त्याचे शुल्क घेतो, हे खरे. व्यवहार आमच्यामार्फत झाला तर ते वळते करतो. डीआरसी तुम्ही बाहेरून आणली तरी हिशेब करून देऊ, त्यात आम्हाला कमीपणा नाही. येताना सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, झोन दाखला आणि आर्किटेक्टचा क्षेत्रफळाचा तक्ता घेऊन या. टोकन मात्र त्यानंतर द्या.