को-प्रोसेसर, आहेस का घरात?

आपल्या पोटात काय बसवलंय ते संगणकाला ठाऊकच असतं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याला ते अंधारात चाचपून पाहावं लागतं.

इंटेलची ८०८७ ही को-प्रोसेसर चिप, म्हणजे मुख्य प्रोसेसरच्या जोडीला दशांश चिन्हाची आकडेमोड करणारी चिप, १९८० साली आली. ती वेगळी विकत घ्यायची. १९८१च्या आयबीएम पीसीत तिच्यासाठी रिकामं सॉकेट होतं आणि 'बसवली आहे' हे कळवायला एक चिमुकला स्विच. चिप बसवून स्विच हलवायचा राहिला, तर बायॉस (संगणक सुरू होताना पहिल्यांदा चालणारा प्रोग्रॅम) ठासून सांगे, चिप नाही! (ही चिप घातली की अख्खा संगणक सुसाट, हा त्या काळचा गोड गैरसमज. नुसती पत्रं टाइप करणाऱ्याला काडीचा फरक पडत नसे.)

म्हणून मुरलेले प्रोग्रॅमर स्विचवर विसंबत नसत. मेमरीतल्या दोन बाइटांत आधी ५ए५ए अशी निरर्थक खूण लिहायची. मग 'एफएनइनिट', म्हणजे पाटी कोरी कर, असा हुकूम सोडायचा आणि पाठोपाठ 'तुझी स्थिती त्या खुणेवर लिही' असा दुसरा. चिप असेल तर खालच्या बाइटात शून्य येतं, नसेल तर खूण जागच्या जागी. आधीच शून्य लिहून ठेवलं असतं, तर चिप नसतानाही शून्यच दिसलं असतं! हुकुमाच्या नावातला 'एफ'नंतरचा 'एन'ही सोडायचा नाही, बरं का. साधा 'एफइनिट' आधी चिप मोकळी व्हायची वाट पाहतो. चिपच नसली तर संगणक तिथेच ताटकळू शकतो.

गंमत पुढेच आहे. इंटेलच्या २८६ या प्रोसेसरपासून मशीन स्टेटस वर्डमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या स्थितीच्या नोंदीत, 'ईएम' नावाचा बिट आला. तो १ असला की गणिताचा प्रत्येक हुकूम अपवाद क्रमांक ७ बनून ऑपरेटिंग सिस्टीमच्या दारात जातो आणि तिचा एम्युलेटर, म्हणजे चिपची नक्कल करणारा प्रोग्रॅम, उत्तर काढून देतो. अशा यंत्रावर एखाद्या प्रोग्रॅमने वरची चाचणी केली, तर एम्युलेटर इमानेइतबारे शून्य लिहितो. प्रोग्रॅम खूश, सॉकेट रिकामं! उलट चिप असूनही सिस्टीमने ती ओळखली नाही आणि ईएम चढवून ठेवला, तर उत्तरं बरोबरच येतात, फक्त गोगलगायीच्या चालीने. ही चूक वर्षभरही कुणाच्या लक्षात येणार नाही. खरं-खोटं करायचं तर तो बिटच वाचावा लागतो.

पेंटियमच्या काळापासून 'सीपीयूआयडी' हा हुकूम प्रोसेसरकडूनच थेट जबाब घेतो. तो ज्यांना कळत नाही अशा जुन्या प्रोसेसरांसाठी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, कर्नलने, मात्र खुणेची हीच चाचणी वर्षानुवर्षं जपली. खूण बदलली: ५ए५ए ऐवजी एफएफएफएफ.