बिनहत्यारी पहाऱ्याची मुळं

कोल्हापूर जिल्ह्यात, त्यातही सैनिक टाकळीसारख्या गावात, शांतिसेना म्हटलं की संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या हेल्मेटमधला जवान डोळ्यांपुढे येतो. काँगो, दक्षिण सुदान इथे भारतीय तुकड्या जातातच. पण त्याच दक्षिण सुदानात हातात काठीही न घेता पहारा देणारी माणसं आहेत, आणि त्यांचं मूळ शोधत गेलं तर आपण सेवाग्रामला पोचतो.

गांधीजींनी १९३८ मध्ये ‘हरिजन’मध्ये शांतिसैनिक कसा हवा ते लिहिलं. शक्यतो त्याच वस्तीतला, आणि दंगलीच्या आधीपासून लोकांच्या उपयोगी पडलेला. अशी सेना उभारण्यासाठी फेब्रुवारी १९४८ मध्ये सेवाग्रामला बैठक ठरली होती. ३० जानेवारीला त्यांची हत्या झाली. पाठोपाठ महाराष्ट्रात जाळपोळ उसळली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. सेना हवी होती तेव्हाच ती नव्हती.

ती विनोबांनी उभी केली, १९५७ मध्ये, केरळात. १९६४ मध्ये जयप्रकाश नारायण नागालँडच्या शस्त्रसंधीसाठी झटले. शांतिसेनेतले नारायण देसाई १९८१ मध्ये कॅनडात ‘पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल’च्या स्थापनेत होते. ग्वाटेमालात बेपत्ता माणसांच्या नातेवाइकांचे दोन पुढारी १९८५ मध्ये मारले गेले, तेव्हा या संघटनेचे परदेशी स्वयंसेवक उरलेल्यांसोबत सावलीसारखे राहू लागले. परक्या देशाचा साक्षीदार समोर असला की मारेकरी दहादा विचार करतो, एवढाच हिशेब. जिथे मारेकऱ्याला जगाची फिकीर नाही, तिथे हा हिशेब कोसळतो, हेही खरं.

पुढे २००२ मध्ये दिल्लीजवळ सूरजकुंडला ‘नॉनव्हायोलंट पीसफोर्स’ स्थापन झाली. श्रीलंका, फिलिपिन्समधलं मिंदानाव बेट, मग दक्षिण सुदान. दक्षिण सुदानातलं रोजचं काम अगदी साधं: सरपणाला निघालेल्या बायांबरोबर चालत जायचं, कारण हल्ले त्या वाटेवरच होतात. एप्रिल २०१४ मध्ये तिथल्याच बोर गावातल्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर बंदूकधारी घुसले. या संघटनेचे दोघे बायका-मुलांसह एका मातीच्या झोपडीत होते. ‘बाहेर व्हा’ असं दरडावूनही दोघे हलले नाहीत. झोपडीतले सगळे वाचले. तळावर इतरत्र मात्र अनेकांचे जीव गेले.

मला जास्त मोलाचं वाटतं ते मिंदानावमधलं काम. ७ जून २०२३ ला मोबाइल स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद करावं लागलं, म्हणून असेल. मिंदानावमध्ये गावातलेच लोक शिकवून तयार केले जातात. अफवा उठली की ते आधी खातरजमा करतात, सरकारी सैन्य आणि बंडखोर अशा दोन्ही बाजूंच्या कमांडरांपर्यंत खरी बातमी पोचवतात, आणि गरज पडली तरच घरं रिकामी करायला सांगतात.