1973 चं भाडं आणि आजचं पाण्याचं बिल

इंग्लंडमध्ये किंवा वेल्समध्ये भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांना पाण्याचं बिल दोन वेगवेगळ्या हिशोबांनी येऊ शकतं. एका घराला मीटर असतो, जितके घनमीटर वापरले तितके पैसे. दुसऱ्याच्या बिलावर 'रेटेबल व्हॅल्यू', म्हणजे घराचं करपात्र मूल्य, असा एक आकडा छापलेला असतो. त्या घरात एक माणूस राहतो की सात, याच्याशी त्या आकड्याचं काही देणंघेणं नाही. मीटर बसवून घ्यावा की नाही हा तिथल्या घरोघरचा प्रश्न या आकड्यापासून सुरू होतो.

मोजून पैसे घेण्याची सोयच नव्हती, तेव्हापासूनची ही पद्धत आहे. 1613 मध्ये 'न्यू रिव्हर' हा कालवा हर्टफर्डशायरच्या झऱ्यांचं पाणी लंडनपर्यंत घेऊन आला. तिथून ते लाकडी नळांतून घरोघरी जाई, तेही ठरावीक वेळेपुरतंच. पुढे 1847 च्या कायद्याने घरगुती पाणीपट्टी घराच्या वार्षिक मूल्यावर आकारण्याची रीत पक्की केली. ज्याचं घर मोठं, त्याची ऐपत मोठी, म्हणून त्याची पट्टी मोठी. शिवाय ते कॉलऱ्याच्या साथींचं शतक होतं. पाणी मोजून विकलं तर गरीब माणूस आधी आंघोळीत आणि धुण्यात काटकसर करील, ही भीती अगदी खरी होती. ती आजही खोटी ठरलेली नाही, असं मला वाटतं.

करपात्र मूल्य म्हणजे ते घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, याचा सरकारी अंदाज. त्यावर घरपट्टी ठरे आणि पाणीपट्टीही. शेवटची मूल्ययादी 1973 साली लागू झाली. एप्रिल 1990 मध्ये घरपट्टीच रद्द झाली आणि तिच्या जागी माणशी कर आला. मूल्यं नव्याने ठरवायचं कामही त्याबरोबर थांबलं. पाण्याच्या बिलांतून मात्र ते आकडे गेले नाहीत. मधल्या काळात कुठे गिरणी बंद पडून वस्ती ओस पडली, कुठे जुन्या गोदामांशेजारची घरं सोन्याच्या भावाची झाली, पण बिलाच्या हिशोबात अजून 1973 चंच भाडं धरलेलं आहे. त्याविरुद्ध दाद मागायचीही सोय नाही. 1990 नंतर बांधलेल्या घरांना तर हा आकडाच नाही, म्हणून ती बहुतेक सगळी पहिल्या दिवसापासून मीटरवर आहेत.

घरपट्टी जायच्या आदल्याच वर्षी, 1989 मध्ये, दहा प्रादेशिक जल प्राधिकरणांच्या खासगी कंपन्या झाल्या. करपात्र मूल्यावर पट्टी आकारायला मार्च 2000 पर्यंतच मुभा राहील, असं तेव्हाच्या कायद्यात होतं. म्हणजे दहा वर्षांत दुसरी पद्धत शोधणं भाग होतं. त्यासाठी मीटरचे प्रयोग झाले. सगळ्यांत मोठा प्रयोग आइल ऑफ वाइट या बेटावरचा. तिथे सुमारे 50 हजार घरांना मीटर लागले आणि पाण्याची मागणी साधारण एक पंचमांशाने उतरली. लोकांनी नळ आवरते घेतले, हे त्याचं एक कारण. दुसरं असं की, मीटर लागल्यावर जमिनीखालची गळती उघडी पडली आणि ती बुजवता आली. हा मीटर बहुधा फुटपाथवरच्या लहानशा झाकणाखाली असतो. तबकडीवर काळे आकडे घनमीटरचे, लाल आकडे लिटरचे. घरातले सगळे नळ बंद असताना लाल आकडा सरकत असेल, तर पाणी कुठेतरी मुरतंय हे नक्की.

त्याच दशकाची दुसरी बाजू फार कडू आहे. बिलं भराभर वाढली आणि 1991-92 या एका वर्षात थकबाकीपायी 21 हजारांहून अधिक घरांचं पाणी तोडलं गेलं. मग आधी पैसे भरून चालवायची यंत्रं घरांत बसवली गेली. जमा रक्कम संपली की पाणी आपोआप बंद. 1998 मध्ये उच्च न्यायालयाने ही यंत्रं बेकायदा ठरवली. पुढच्याच वर्षी नवा कायदा आला आणि थकबाकीसाठी राहत्या घराचं पाणी तोडण्यावर बंदी आली. या सगळ्या इतिहासातला सर्वांत चांगला निर्णय मी यालाच म्हणेन.

आज लोकांसमोर असलेला पर्याय याच 1999 च्या कायद्यातून आला. करपात्र मूल्याची मुदत उठली आणि एप्रिल 2000 पासून प्रत्येक घराला मोफत मीटर मागण्याचा हक्क मिळाला. न परवडल्यास वर्षभरात जुन्या हिशोबावर परतता येतं. काही कंपन्या दोन वर्षं देतात. घरात माणसांपेक्षा झोपायच्या खोल्या जास्त असतील तर मीटर बहुधा फायद्याचा, हा तिथला सर्रास सांगितला जाणारा ठोकताळा. मीटर बसवणं शक्यच नसेल, तर कंपनी अंदाजे वापर धरून आकारणी करते.

पण ज्यांचा फायदा होता ते आधी मीटरवर गेले. मोठ्या घरात एकटे राहणारे, मुलं घराबाहेर पडलेली जोडपी. त्यांच्याकडून येणारी जास्तीची रक्कम आटली आणि तिचा भार जुन्या हिशोबावर उरलेल्यांवर सरकला. इंग्लंडच्या नैऋत्येला हे सर्वांत ठळक दिसलं. तिथे देशाची जेमतेम 3 टक्के लोकसंख्या, पण समुद्रकिनारे स्वच्छ राखण्याच्या खर्चाचा वाटा कितीतरी मोठा. शेवटी 2013 पासून सरकारला तिथल्या प्रत्येक घराच्या बिलात वर्षाला 50 पौंडांची सूट द्यावी लागली.

अल्प उत्पन्नाचं मोठं कुटुंब तर दोन्हीकडून कोंडीत सापडतं. सरकारी मदतीवर असलेल्या मीटरवाल्या घरात तीन किंवा अधिक मुलं असतील, किंवा आजारपणामुळे जास्त पाणी लागत असेल, तर बिलाला कमाल मर्यादा घातलेली आहे. ती अर्ज केल्याशिवाय मिळत नाही, आणि हे ठाऊक नसलेली घरं पूर्ण बिल भरत राहतात.

पाणीटंचाईच्या भागांत आता निवडीचा प्रश्नच राहिलेला नाही. 2006 मध्ये आग्नेयेकडच्या फोकस्टोन-डोव्हर भागातल्या कंपनीला मीटर सक्तीचा करण्याची पहिली परवानगी मिळाली, मग आसपासच्या मोठ्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. सक्ती नसलेल्या भागातही मीटर लागलेलं घर विकलं गेलं, की नव्या राहणाऱ्याला जुन्या हिशोबाकडे परतता येत नाही. जुना मालक गेला की 1973 चा आकडाही त्या घरातून कायमचा जातो.