सहा ग्रॅम हवेचा हिशेब

घरच्या घरी स्पीकरचा बॉक्स बांधणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: ‘पुढची फट मोठी ठेव, बेस जोरात येईल.’ फट म्हणजे बॉक्सच्या पुढच्या फळीतून आत बोगद्यासारखा जाणारा हवेचा मार्ग. तिच्यातून हवेचा झोत बाहेर येतो आणि तो झोत म्हणजेच बेस, अशी त्यामागची समजूत. प्रत्यक्षात बॉक्स तोच ठेवून, फटीची आत जाणारी लांबी तीच ठेवून नुसतं तोंड मोठं केलं, तर बॉक्सचा सूर खाली उतरण्याऐवजी वर चढतो. म्हणजे खोल बेस हाती लागायचा तो निसटतोच.

याचं कारण मला स्पीकरच्या सगळ्या शास्त्रातलं सर्वांत सुंदर वाटतं. बॉक्समध्ये कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि फटीत बसलेली हवा त्या स्प्रिंगला लावलेल्या वजनासारखी. वजन आणि स्प्रिंग जोडले की त्यांची हेलकावे खाण्याची एक ठरावीक गती असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारली की घुमणारा सूर हाच. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याचं गणित मांडलं, म्हणून अशा पोकळीला त्याचं नाव आहे.

एक उदाहरण घेऊ. बॉक्समध्ये निव्वळ ५० लिटर हवा आहे आणि आपल्याला तो ३५ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ३५ हेलकाव्यांना, ट्यून करायचा आहे. (हा आकडा मनाने ठरवायचा नसतो. वूफर म्हणजे बेस वाजवणारा स्पीकर; त्याच्यासोबत मिळणाऱ्या थील-स्मॉल पॅरामीटर्सवरून, म्हणजे त्याचे गुणधर्म सांगणाऱ्या आकड्यांवरून, तो काढतात. थील यांनी १९६१ मध्ये आणि स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियात हे काम केलं.) फट २५ सेंटिमीटर रुंद आणि ४ सेंटिमीटर उंच, म्हणजे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर. सूत्र असं:

लांबी = २९८० × क्षेत्रफळ ÷ (घनफळ × वारंवारतेचा वर्ग)

सगळी मापं मीटरमध्ये घ्यायची. २९८० हा आकडा ध्वनीच्या वेगाचा (सेकंदाला ३४३ मीटर) वर्ग करून त्याला ४π² ने भागल्यावर येतो. उत्तर येतं ४८.७ सेंटिमीटर. एवढ्या लांबीच्या फटीत मावणाऱ्या हवेचं वजन किती? जेमतेम सहा ग्रॅम. बॉक्समधून येणारा सगळ्यात खालचा सूर हे सहा ग्रॅम पुढे-मागे हलून काढतात.

आता तोंड मोठं केल्यावर काय होतं ते पाहा. क्षेत्रफळ दुप्पट केलं तर वजन दुप्पट झालं, इथपर्यंत सरळ आहे. पण स्प्रिंगचा ताठपणा चौपट होतो. हवेचा हा गोळा एक मिलिमीटर आत सरकला, तर आता तो बॉक्समधली हवा आधीच्या दुप्पट दाबतो. तो वाढलेला दाब उलट ढकलतो तेही दुप्पट पृष्ठभागावर. दोन दुणे चार. वजन दुप्पट आणि ताठपणा चौपट झाला, की वारंवारता २ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१ पटीने वाढते. ३५ चे झाले साधारण ४९ हर्ट्झ. परत ३५ वर यायचं तर फटीची लांबीही दुप्पट करायला हवी.

मग फट अगदी छोटीच का ठेवू नये? कारण मग हवा फार वेगाने धावते, तिच्यात भोवरे होतात आणि फुसफुस ऐकू येते. वेग ध्वनीवेगाच्या पाच टक्क्यांच्या, म्हणजे सेकंदाला १७ मीटरच्या आत ठेवण्याचा संकेत आहे. चपट्या फटीत घर्षणही जास्त. १०० चौरस सेंटिमीटरच्या गोल नळीचा परीघ ३५ सेंटिमीटर भरतो, आपल्या फटीचा ५८ आणि ५० बाय २ च्या फटीचा तब्बल १०४. म्हणून फट फार चपटी नको, आणि तिच्या कडा गोलसर घासून घ्यायच्या.

४८.७ हे मात्र कापायचं माप नव्हे. फटीच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवाही तिच्याबरोबर हलते, त्यामुळे फट आहे त्यापेक्षा लांब असल्यासारखी वागते. हिशेबासाठी फटीइतक्याच क्षेत्रफळाचं वर्तुळ धरू: १०० चौरस सेंटिमीटरच्या वर्तुळाची त्रिज्या ५.६ सेंटिमीटर. पुढच्या, फळीशी सपाट असलेल्या तोंडाला त्रिज्येच्या ०.८५ पट आणि आतल्या मोकळ्या तोंडाला ०.६१ पट वजा करायचं. मिळून आठ सेंटिमीटर गेले, उरले साधारण ४०. यात पुढच्या फळीची जाडी धरलेली आहे. पण आपली फट बॉक्सच्या तळाला लागून आहे. तळ आरशासारखा वागतो आणि हवेच्या दृष्टीने आतलं तोंड दुप्पट उंचीचं होतं, त्यामुळे तिथली वजावट साधारण १.४ पट होते. फट बाजूच्या भिंतींनाही टेकली असेल तर आणखी वाढते. सुदैवाने इथेही वर्गमूळ आहे. लांबीत दहा टक्के चूक झाली तरी सूर पाचच टक्के हलतो.

फटीची ४ लिटर जागा आणि फटीचं छत होणाऱ्या १८ मिलिमीटर जाड आडव्या फळीचे १.८ लिटर ५० लिटरमध्ये धरायचे नाहीत. वूफर अडवतो ती जागाही वेगळी.

‘सोनेरी गुणोत्तरा’त (बाजूंचं प्रमाण साधारण १.६ ला १) बॉक्स बांधला की बेस आपोआप सुधारतो, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. ३५ हर्ट्झच्या लहरीची लांबी ९.८ मीटर असते. तिच्यापुढे बॉक्स इतका लहान आहे की त्यात सगळीकडे एकाच वेळी सारखाच दाब असतो. लांबी-रुंदीचं प्रमाण काहीही असो, या सुराला फक्त घनफळ कळतं. गुणोत्तराचा संबंध आला तर वरच्या सुरांशी, आणि तिथेही त्यात जादू काही नाही.

ट्यूनिंग डोळ्यांनी तपासता येतं. मोबाइलवरच्या टोन जनरेटरने बेताच्या आवाजात ६० हर्ट्झपासून हळूहळू खाली या. एका जागी वूफरचा कोन, म्हणजे शंकूसारखा पडदा, जवळजवळ थांबलेला दिसेल आणि फटीपुढे धरलेल्या हाताला हवा जोरात लागेल. बॉक्समधला दाब तिथे कोनाला धरून ठेवतो. ही तुमची खरी वारंवारता. त्याच्या फार खाली जाऊ नका, कारण तिथे दाबाचा आधार सुटतो, कोन सैरभैर हलतो आणि त्याला हलवणाऱ्या तारेच्या कॉइलला इजा होऊ शकते. आकडा ३५ च्या खाली आला तर आडवी फळी थोडी कापायची, वर आला तर वाढवावी लागते. कापणं सोपं, म्हणून फळी आधी दोन-तीन सेंटिमीटर लांबच ठेवा आणि मोजमाप होईपर्यंत ती कायमची चिकटवू नका. तोवर तिच्या कडांशी उरलेल्या भेगा टेपने बंद करा, नाहीतर हवा गळून मोजमाप चुकेल.