लू लागते तेव्हा पेशीत काय घडते

नौतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तिथल्या महाराज बाडा या चौकात भर दुपारी हातगाडी ओढणाऱ्या माणसाच्या आतले तापमान मात्र ३८ अंशांच्या आसपासच राहते. हे मुख्यतः घामामुळे जमते: एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. घाम अपुरा पडला की भार थेट पेशीवर येतो.

पेशीतली बहुतेक कामे प्रथिने करतात आणि प्रथिनाचे काम त्याच्या घडीवर, म्हणजे त्याची साखळी दुमडून बनलेल्या आकारावर, अवलंबून असते. अंड्याचा पांढरा भाग घट्ट व्हायला साठ-बासष्ट अंश लागतात, त्यामुळे ४१-४२ अंश फारसे वाटत नाहीत. पण आपल्या पेशीतल्या काही नाजूक प्रथिनांची घडी तेवढ्यातच सैल पडते. एरवी आत दडलेले, पाणी टाळणारे त्यांचे भाग उघडे होतात, एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या जमू लागतात.

यावरचा उपाय पेशीकडे आधीपासून असतो. १९६२ साली फेरुच्चो रितोसा या इटालियन संशोधकाने फळमाशीच्या अळ्यांच्या लाळग्रंथीत एक नोंद केली: उबवणीचे तापमान वाढले की गुणसूत्रे ठरावीक जागी फुगतात. तिथली जनुके जागी होऊन जी प्रथिने बनवतात त्यांना पुढे हीट शॉक प्रोटीन म्हणू लागले. माणसातही तीच यंत्रणा आहे. त्यातले एचएसपी ७० (आकडा रेणूच्या वजनाचा, किलोडाल्टन या एककात) सैल प्रथिनाला धरून ठेवते, दुसऱ्याला चिकटू देत नाही आणि घडी पुन्हा बसायला मदत करते. घडी बसणारच नसेल तर ते प्रथिन मोडीत निघते. उष्णता वाढल्याचे पेशीला कळते तेही मोठ्या खुबीने. ही जनुके चालू करणारा एचएसएफ १ नावाचा घटक एरवी याच सांभाळणाऱ्या प्रथिनांनी अडकवून ठेवलेला असतो. ती सगळी दुरुस्तीला धावली की तो मोकळा होतो, केंद्रकात जातो आणि आणखी मदतनीस बनवायला लावतो. काम संपले की पुन्हा अडकतो.

एकदा सोसलेल्या उष्णतेनंतर पेशी काही दिवस जास्त कणखर राहते ती यामुळेच. सगळे शरीर मात्र सावकाश सरावते, त्याला एक ते दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो, जास्त येतो, त्यातले मीठ कमी होते आणि रक्तातला द्रव वाढतो. म्हणून बांधकामावर नव्या मजुराला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या २०% च काम द्यावे आणि रोज २०% हून जास्त वाढवू नये. गावी जाऊन आलेल्या जुन्या मजुरालाही ५०, ६०, ८० आणि चौथ्या दिवशी १००% असे चढवत न्यावे. हे पाळले जात नाही, आणि जीव बहुधा पहिल्या काही दिवसांतच जातात. म्हाताऱ्यांच्या पेशींत हीट शॉक प्रोटीन कमी बनतात. त्यांना दुपारी गच्चीलगतच्या खोलीत झोपवू नये.

सहनशक्ती संपते तिथे दोन घाव एकदम बसतात. उष्णतेचा एक. दुसरा प्राणवायूच्या टंचाईचा, कारण रक्त कातडीकडे वळवले जाते आणि आतड्याचा पुरवठा तुटतो. प्राणवायू नाही म्हणजे तंतुकणिका (पेशीतली ऊर्जाघरे) एटीपी, म्हणजे पेशीचे इंधन, बनवू शकत नाहीत. एटीपीवर चालणारा पंप दर फेरीला सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. तो मंदावला की सोडियम आत साचतो, त्यामागे पाणी येते, पेशी फुगते आणि तिच्या बाहेरच्या पडद्यावर बुडबुडे उठतात. इथवर सगळे परत फिरू शकते! तापमान उतरले, प्राणवायू आला, की पंप चालू होतो आणि फुगलेली पेशी पूर्ववत होते.

त्यापुढे नाही. पेशीबाहेर मोकळे कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. पडदा फाटला की ते आत घुसते आणि पडदे, प्रथिने व डीएनए कापणारी विकरे (एन्झाइम) चालू करते. तंतुकणिकांचे पडदे गेले की थंड करूनही पेशी वाचत नाही. स्नायूतून सांडलेले मायोग्लोबिन हे लाल प्रथिन मूत्रपिंडाच्या नळ्यांत अडकते आणि लघवी कडक काळ्या चहासारखी होते. आतड्याचे अस्तर सुटले की जंतूंची विषे रक्तात उतरतात. मेंदूत तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूच्या पर्किंजी नावाच्या पेशी फार नाजूक, म्हणून बरे झालेल्या काहींचा तोल कायमचा जातो.

शरीर ४० अंशांच्या वर आणि माणूस बरळतो आहे, झोक जातो आहे किंवा बेशुद्ध आहे, तर तो उष्माघात, म्हणजेच लू लागणे. घाम येत असला तरीही. काखेतला थर्मामीटर खरे तापमान कमी दाखवतो, त्यावर विसंबू नये. १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट बघत बसू नका: सावलीत घ्या, कपडे काढा, अंगभर पाणी ओता, जोराचा वारा घाला. टाकीत किंवा मोठ्या टबात, डोके वर धरून, गार पाण्यात ठेवता आले तर सर्वांत उत्तम. अर्ध्या तासात ३९ च्या खाली आणायचे असते. कोरड्या अंगावर नुसता पंखा सोडू नये, ४५ अंशांची हवा अंग तापवतेच. पॅरासिटामॉल देऊ नये. हा ताप मेंदूने मुद्दाम वाढवलेला नसतो, त्यामुळे गोळी तो उतरवत नाही, उलट दुखावलेल्या यकृतावर तिचा भार पडतो. बेशुद्धाच्या तोंडात पन्हे किंवा पाणी घालू नये.

मेमधली ग्वाल्हेरची कोरडी हवा इथे आपल्या बाजूची आहे, ओले अंग भराभर गार होते. जुलैत पारा ३६ असला तरी हवा दमट असते. घरातला कूलर ज्या दिवशी गार हवा देत नाही, त्या दिवशी घामही वाळत नाही, तेव्हा बर्फ आणि गार पाणीच हवे.

शुद्धीवर आलेल्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी बरे वाटले तरी यकृताच्या पेशींचे नुकसान रक्तात दिसायला वेळ लागतो. यकृताच्या पेशींतून रक्तात सांडणारी विकरे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वर चढतात, म्हणून तपासणी तेव्हा पुन्हा करावी.