‘मिड’ म्हणजे नेमके किती वर? चिमटा आणि व्हॅक्यूम प्रसूतीची पार्श्वभूमी

अडलेल्या बाळाचे डोके योनीमार्गे ओढून काढायला चिमटा (फोर्सेप्स) किंवा डोक्याला शोषून धरणारा व्हॅक्यूमचा कप वापरतात. एका घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेले चिमट्याचे जुने गुपित आणि 18व्या शतकात त्याला दिलेला कटीच्या वळणाचा बाक पुष्कळांना ठाऊक आहे. डोके ‘मिड’ म्हणजे कटीच्या मधल्या पातळीवर असताना ओढावे की सिझर करावे, हा वाद मात्र ‘मिड’ या शब्दापाशीच अडकतो.

1965च्या अमेरिकी वर्गीकरणात बाळाचे डोके कटीत बसल्यापासून ते जवळजवळ तळाला टेकेपर्यंतचा सगळा पट्टा ‘मिड’ होता. सोपी ओढ आणि अवघड फिरवणी एकाच रकान्यात पडली, अवघडातल्या इजा सोप्याच्या नावावर गेल्या. ‘त्यापेक्षा सिझर बरे’ हे मत पुष्कळसे त्या रकान्यातून आले. 1988मध्ये व्याख्या बदलली: कवटीचे टोक स्पाइनच्या (कटीच्या दोन्ही बाजूंना आत हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकांच्या) 2 सेंमी किंवा अधिक खाली असेल तर ‘लो’, डोके बसलेले पण त्याहून वर असेल तर ‘मिड’. पट्टीही बदलली. स्पाइनची पातळी शून्य धरून त्याखालच्या जागेचे पूर्वी तीन भाग (+1 ते +3) करत, आता पाच सेंटीमीटर (+1 ते +5) मोजतात. म्हणजे जुने +2 हे नव्या +3च्याही थोडे खाली! केसपेपरवर नुसते ‘+2’ लिहिलेले असेल तर कोणते, हे विचारावेच लागते. त्यात डोक्यावरची सूज कवटी समजली गेली की डोके आहे त्याहून खाली वाटते. म्हणून आधी पोटावर हात ठेवायचा. डोक्याचा एक पंचमांशाहून जास्त भाग वर लागत असेल, तर साधन लावायचे नाही.

व्हॅक्यूमचा धातूचा कप 1950च्या दशकात स्वीडनमध्ये आला. नंतरचे मऊ कप कमी ओरखडतात, पण जास्त निसटतात. कपाचा मध्य मागच्या टाळूच्या 3 सेंमी पुढे, मधल्या शिवणीवर हवा. शोषणाचा दाब प्रति चौरस सेंमी 0.8 किलो, ओढ फक्त कळेबरोबर. तीन ओढींत डोके सरकले नाही, तर थांबायचे. 1998च्या अमेरिकी इशाऱ्यात कवटीवरच्या आवरणाखालील रक्तस्रावावर भर होता: 3 किलोच्या बाळात रक्त असते साधारण 250 मिली, आणि त्यातले बरेचसे त्या सैल जागेत मावते. 34 आठवड्यांआधी व्हॅक्यूम सहसा नको, त्याचे हेही एक कारण. चिमट्याची किंमत बहुधा आई मोजते, गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत फाटून.

भारतात सिझरचे प्रमाण 2005-06मध्ये 8.5 टक्के होते, 2019-21मध्ये 21.5 झाले, महाराष्ट्रात 25.4. या वाढीत चिमट्यावर हात बसण्याची संधीच आटली. तुलनाही चुकीची होते. ठरवून केलेले सिझर इथे गैरलागू. पर्याय असतो तो गर्भपिशवीचे तोंड पूर्ण उघडल्यावरच्या सिझरचा, डोके खाली रुतलेले असतानाचा. तेव्हा पिशवीवरचा छेद खाली फाटू शकतो, रक्त जास्त जाते. मात्र व्हॅक्यूम फसल्यावर लगेच चिमटा लावणे बाळाला सर्वांत महाग पडते. म्हणून ‘मिड’चा प्रयत्न लेबर रूममध्ये नव्हे, सिझरची तयारी मांडलेल्या थिएटरमध्येच करतात.