गंधसंवाद (लहान वन्य सस्तन प्राण्यांतील)

मूत्र, विष्ठा किंवा गंधग्रंथींचा स्राव ठरावीक जागी सोडून स्वजातीयांना हद्द, लिंग, माजाची अवस्था आणि ओळख कळवण्याची रीत. रात्री हिंडणाऱ्या, एकेकट्या राहणाऱ्या प्राण्यांना ती विशेष उपयोगी, कारण जनावर निघून गेले तरी निरोप जागेवर राहतो. नागपूर परिसरात मुंगूस, उदमांजर, जवादी मांजर, चिचुंद्री आणि उंदीर ही तिची ठळक उदाहरणे.

मुंगूस गुदद्वाराभोवतीची पिशवी दगडावर किंवा जमिनीवर घासतो. जवादी मांजराची ग्रंथी गुदद्वार व जननेंद्रिय यांच्यामध्ये असते. तिच्या स्रावातील सिव्हेटोन या गंधद्रव्याचा रेणू म्हणजे सतरा कार्बन अणूंचे वलय असल्याचे रसायनशास्त्रज्ञ रुझिच्का यांनी १९२६ मध्ये दाखवले.

गंध नेमका कोण तयार करते, प्राणी स्वतः की त्याच्या अंगावरचे जीवाणू, यावर मतभेद आहेत. पिशवीतला स्राव स्निग्ध, जागा उबदार आणि प्राणवायू कमी. तिथे जीवाणू त्याचे विघटन करून ॲसिटिक ते व्हॅलेरिक अशी लघुशृंखल (आखूड कार्बन-साखळीची) मेदाम्ले बनवतात, हे मत १९७० च्या दशकात मुंगूस व कोल्हा यांच्या अभ्यासातून पुढे आले. या आम्लांचे प्रमाण प्रत्येक मुंगसात निराळे असते आणि शिकवलेली मुंगसे कृत्रिम मिश्रणांतला फरकही ओळखतात. आक्षेप असा, की जीवाणू एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातात; मग ओळख टिकावी कशी? घरउंदराच्या मूत्रातील ओळखदर्शक प्रथिने तर जनुकांनीच ठरतात. ती उडून जाणारे गंधरेणू धरून ठेवून सावकाश सोडतात, त्यामुळे खूण जास्त काळ टिकते. गंधपिशवी असलेल्या मांसभक्षकांपुरते जीवाणूंचे मत अधिक समाधानकारक वाटते, उंदरांना ते लागू करणे कठीण.

जड, न उडणारे घटक वाचण्यासाठी नाक खुणेला टेकवावे लागते. हे काम नाकपुडीच्या पडद्यालगतचे याकॉपसन इंद्रिय करते. त्याचे वर्णन १८१३ च्या सुमाराचे आहे. परक्या नराच्या गंधाने नुकत्याच गाभण राहिलेल्या उंदरीचा गर्भ टिकत नाही, हे प्राणिशास्त्रज्ञ हिल्डा ब्रूस यांनी १९५९ मध्ये प्रयोगशाळेत नोंदवले.

उदमांजराची विष्ठा पडलेले खोड, कुंपणाची भिंत, धाब्याचे छत अशा उघड्या, उंच जागी सापडते. तिच्यात जांभूळ, शिंदी यांच्या अखंड बिया असतात. जवादी मांजर शेताच्या धुऱ्यावर किंवा पायवाटेकडेला पुन्हा पुन्हा त्याच जागी विष्ठा टाकते. जनावरांची नोंद घेण्यासाठी सुमारे एक मीटर व्यासाचे वर्तुळ साफ करून त्यावर चाळलेल्या मातीचा सेंटीमीटरभर थर देतात, मध्ये गंध लावलेला कापूस ठेवतात आणि ठसे उजाडताच वाचतात. इथली काळी माती दगा देते : ओलसर असली की पंज्याला चिकटते, वाळली की भेगाळते, नदीची बारीक वाळू बरी. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हलके गंधरेणू लवकर उडतात, म्हणून कापूस दिवस मावळल्यावरच मांडावा. हातमोजे न घातल्यास माणसाचा वास लागतो. वर्तुळे जवळजवळ केली, तर एकच जनावर दोन-तीन ठिकाणी फिरून जाते आणि संख्या फुगते.

चिचुंद्रीच्या दोन्ही कुशींत कस्तुरीसारख्या उग्र वासाच्या ग्रंथी असतात. मांजर तिला मारते, पण बहुधा खात नाही.